टेलिफोनवाल्या मावशी

खोली पाहायला गेले तेव्हा मावशींनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मटण-मासे खाता का हेही विचारलं नाही. अमरावतीत त्या दिवशी मी चार घरं पाहिली होती आणि चारही ठिकाणी या तीन प्रश्नांनीच सुरुवात झाली होती. इथे ओट्यावर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई लसूण सोलत बसली होती. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झोप लागते का तुले?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"रात्री झोप लागते का म्हून इचारून राहिली. सलग."

"लागते की," मी म्हणाले. हे खोटं होतं, पण खोलीसाठी माणूस याहून मोठं खोटं बोलतो.

"मंग घे खोली. पानी सकाई साडेपाचले येते. तासभर राह्यते."

गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. मी अकोल्याची. अमरावतीला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून म्हणून नुकतीच लागले होते. बडनेरा रोडच्या आतल्या एका गल्लीत मावशींच्या वडिलांनी बांधलेलं हे साधं घर होतं. खाली त्या एकट्या, वर दोन खोल्या आणि मध्ये गच्ची. एक खोली मला मिळाली. दुसरीतल्या दोन पोरांना त्यांनी महिन्याभरापूर्वीच काढलं होतं.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल लावून द्यावा लागे त्या काळात. नोकरी सुटून पुष्कळ वर्षं झाली तरी कॉल जोडायचा बोर्ड काही सुटला नव्हता. फोन उचलला की हॅलो म्हणत नसत. "बोला, कोन पाह्यजे?" असं विचारत, जणू घरात दहा माणसं आहेत आणि त्यातलं एखादं बोलावून द्यायचं आहे. रॉंग नंबर लागला तरी फोन ठेवायच्या नाहीत. एकदा अंजनगाव सुर्जीच्या एका अडत्याचा फोन चुकून त्यांच्याकडे लागला. त्याला अमरावतीतला कोणी साडू पाहिजे होता. मावशींनी अख्खी दुपार खर्चून, सहा ठिकाणी फोन करून तो साडू शोधला आणि अडत्याला परत फोन करून सांगितलं, "घ्या, बोला."

दुसरी सवय तीन मिनिटांची, ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांनी मोजत तेव्हापासूनची. समोरचा माणूस कोणी का असेना, मतं मागायला आलेला उमेदवार असो की लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे, तो बोलू लागला की मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहत. मग बरोबर वेळेवर म्हणत, "तीन मिनिटं झाली," आणि उठून आत जात. यात राग नसे. गल्लीला याची इतकी सवय झाली होती की लोक त्यांच्याकडे येताना बोलायचं मनात जुळवून येत.

आणि फाटकाला तारेनं बांधलेली एक दगडी पाटी होती, शाळेतल्या पोरांची असते तशी. तिच्यावर मावशी रोज सकाळी आपली तब्येत लिहीत. "आज बरं आहे." "रात्री दोनच तास झोप. कोणी भांडू नये." "आज डोस्कं जड आहे. वर्गणीवाल्यांनी उद्या यावं." दूधवाला, पेपरवाला, शाळेत जाणाऱ्या पोरी, सगळे ती पाटी वाचून पुढे जात. त्याच सुमाराला मावशी तांब्या घेऊन ओट्यावर बसत आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सगळ्यांच्या देखत घेत.

मी एकदा म्हणाले, "मावशी, आत बसून घेतल्या तर?"

"काहून? गावंडे भाऊ बीपीची गोयी ओट्यावर घेते. त्याची बायको शुगरची घेते. माही डोस्क्याची आहे. गोयी तर गोयीच असते."

गावंडे काका म्हणजे आमच्या समोरच्या घरातले, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले गृहस्थ. गल्लीतलं काहीही त्यांच्याशिवाय होत नसे. मावशींचा विषय निघाला की ते बोट कानशिलापाशी गोल फिरवून म्हणत, "बाईले थोडं आहे." मावशींच्या कानावर हे गेलं होतं. त्या म्हणत, "थोडं नाई, चांगलं आहे. नागपूरले तीन महिने राह्यली मी."

ते नागपूरचं त्या कोणालाही सांगत. बत्तीस वर्षांच्या असताना रात्रपाळीत त्यांची झोप गेली. सलग कितीतरी रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मग त्यांना वाटू लागलं की अकोल्यापासून नागपूरपर्यंत प्रत्येक लाइनवर लोक आपल्याबद्दलच बोलताहेत. भर ड्यूटीत त्यांनी बोर्डावरच्या सगळ्या वायरी उपटल्या. नागपूरच्या मनोरुग्णालयातून बरं होऊन आल्या तेव्हा सासरच्यांनी त्यांना परस्पर वडिलांच्या दारात सोडलं. "सामान येकाच रिक्षात आलं," त्या सांगत. पुन्हा ड्यूटीवर गेल्या तर सोबतच्या बायका त्यांच्या हातचं पाणी पिईनात. मावशींनी घरून नवीन मडकं नेलं, वाळा घालून पाणी भरून ठेवलं आणि उन्हाळाभर कोणालाही पाणी घ्या म्हटलं नाही. एप्रिल संपेपर्यंत सगळ्या त्याच मडक्यातलं पाणी पिऊ लागल्या. इथे त्यांना फार हसू येई.

मला मात्र हे सगळं ऐकताना अवघड व्हायचं. ऑफिसातली मैत्रीण घरी यायची म्हटली की मी तिला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटायची, पाटी दिसू नये म्हणून. त्याला कारण होतं. अकोल्यात आमच्या घरी मागच्या खोलीत माझा धाकटा भाऊ होता. पुण्याला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले, परीक्षा सोडून तो घरी आला, आणि तेव्हापासून त्या खोलीतच होता. लोकांना आम्ही सांगत होतो की तो पुण्याला नोकरीला आहे. मला हे इतक्या वेळा सांगावं लागलं होतं की त्याच्या कंपनीची बस किती वाजता येते, हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

उन्हाळ्यात सायली खोली पाहायला आली. उंच, खांदे जरा रुंद, केसांची घट्ट वेणी, अंगावर लॅबचा पांढरा कोट. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. अकोटकडची. बोलू लागली तेव्हा तिचा आवाज जाड लागला आणि मी नीट पाहिलं. माझं पाहणं तिला कळलं. तिला त्याची सवय असावी.

"मावशी, आधीच सांगते," ती म्हणाली, "मी ट्रान्सजेंडर आहे. माझ्या आधार कार्डावर अजून जुनं नाव आहे. नंतर कळलं म्हणून दोनदा सामान बाहेर काढलंय लोकांनी, म्हणून आधी सांगून टाकते."

मावशींनी विचारलं, "म्हंजे पोरगा म्हून जन्मली आन् बाई आहे, असं?"

"हो. असंच."

"झोप लागते का?"

सायली गोंधळली. मग म्हणाली, "आता लागते. आधी नव्हती लागत."

"मंग ठीक आहे. पानी सकाई साडेपाचले येते."

मी कपडे वाळत घालायचं निमित्त करून गच्चीवर निघून गेले. खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मी सायलीशी कामापुरतंच बोलले. मग एके दिवशी माझा गॅस संपला आणि तिनं न विचारता माझ्या वाट्याच्या दोन भाकरी थापल्या. तिच्यात तसं विशेष काही नव्हतं. सकाळी तिला कोणी बोललेलं खपत नसे, बादलीला हात लावला तर भांडायची, आणि रविवारी दुपारी आईशी तासभर फोनवर बोलायची. आईला तिचं नवीन नाव जिभेवर येत नसे, म्हणून ती नुसतं 'बाळा' म्हणायची.

महिन्याभरात गल्लीत कुजबुज सुरू झाली. मग एका संध्याकाळी गावंडे काका आणखी दोघांना घेऊन आले. मी जिन्यात उभी होते. मावशींनी घड्याळाकडे पाहिलं.

"बाई, वरच्या खोलीत तुमी कोनाले ठेवलं?"

"सायलीले."

"तसं नाई. म्हंजे ते नेमकं काय आहे?"

"लॅबमधे आहे. रक्त तपासते."

काकांनी घसा साफ केला. "तो बाईमाणूस नाई, बाई. गल्लीत पोरीबाळी आहेत."

"पोरीबाळी आहेत म्हून तर पोट्टे काढले न मी. ते दोघं गच्चीवरून पोरींवर शिट्ट्या मारत. तवा तुमी कोनी आले नाई."

"आधार कार्ड पाह्यलं का तुमी त्याचं?"

"पाह्यलं. जुनं नाव आहे. भाऊ, मी जनमभर बोर्डावर बसली. माणूस म्हने मी अमका बोलून राहिलो, तर मी पुढे तेच नाव सांगितलं. पुरावा नाई मागितला कोनाले. ते म्हनते मी सायली, तर सायली."

"हे टेलिफोनचं नाई, बाई."

"तीन मिनिटं झाली," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

फाटकापाशी काका सोबतच्यांना हळूच म्हणाले, पण ते मला ऐकू आलं. "हिचंच डोकं ठिकाणावर नाई, हिले काय समजनार? अकोल्याले हिचा भाचा आहे, त्याले फोन करतो."

वर सायलीनं बॅग काढली होती. "ही माझी पाचवी खोली," ती मला म्हणाली. "उद्या निघते. माझ्यापायी मावशींच्या मागे कशाला पीडा?" तेवढ्यात मावशी एकेका पायरीला गुडघा धरत वर आल्या. त्यांनी बॅग पाहिली, बॅगेतले कपडे चाचपून पाहिले.

"हे तर वल्ले आहेत. वल्ले कपडे भरू नको, वास येते," एवढंच म्हणून त्या खाली गेल्या. सायलीनं कपडे पुन्हा दोरीवर टाकले.

भाचा रविवारी गाडी घेऊन आला. गावंडे काकाही त्याच्यासोबत येऊन बसले. चांगला, अदबीनं बोलणारा माणूस होता. पेढ्यांचा पुडा आणला होता. "आत्या, तू चल अकोल्याले. आराम कर. घराचं मी पाहून घेतो. एक मुखत्यारपत्र करून टाकू, तुले ताप नको." मावशी म्हणाल्या, "च्या घे." चहा होईपर्यंत त्यानं मला जिन्यापाशी गाठलं.

"मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या आहात म्हणून विचारतो. आत्या रात्री जागते का? स्वतःशी बोलते का?"

मला नाही म्हणता आलं असतं. माहीत नाही, असंही म्हणता आलं असतं. पण शिकल्या-सवरल्या म्हणून विचारलं की माणूस उत्तर देतो. मी म्हणाले, "कधी कधी. मागच्या महिन्यात पहाटे भांडी घासत होत्या. बोलतही असतात."

त्यानं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. आणि आत जाऊन मावशींसमोर, गावंडे काकांसमोर मोठ्यानं सांगितलं, "वरच्या मॅडमच सांगून राहिल्या. ही रात्री उठून भांडी घासते." पुढच्या रविवारी बसून काय ते ठरवू, असं म्हणून तो गेला. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहाच्या कपबशा गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. "आज सुट्टी घे. डॉक्टरकडे जाचं आहे. सोबत कोनी तरी लागते." मला वाटलं, ऑटोत बोलणी खावी लागणार. ऑटोत त्या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसल्या.

मानसोपचाराच्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच जात होते. तोंडाला बांधलेला स्कार्फ मी आत गेल्यावरही सोडला नाही. बाकड्यांवर सात-आठ माणसं होती. कोपऱ्यात एक जण पेपर अगदी तोंडासमोर धरून बसला होता आणि त्याच्या शेजारी कापडी पिशवीत फाइल घेऊन एक बाई. त्या बाईनं आम्हाला पाहिलं आणि मान खाली घातली. त्या गावंडे काकू होत्या. पेपरामागे काका होते.

मी मावशींना कोपर लावलं. "मावशी, गावंडे काका."

"कोन गावंडे? मले चष्म्याबिगर दिसत नाई," मावशी म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्या त्यांच्याकडे पाठ करून बसल्या आणि मलाही तशीच बसवली.

थोड्या वेळानं काका-काकू आत जाऊन आले आणि निघून गेले. तोवर आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो.

"काढ ते फडकं. जीव गुदमरून राहिला तुहा," मावशी म्हणाल्या. "कोनाले भेतं येवढी?"

"कोणी ओळखीचं भेटलं तर..."

"तुह्या घरी कोन आहे?"

त्यांनी ते इतक्या साधेपणानं विचारलं की मी सांगून टाकलं. भाऊ, पुणे, आवाज, मागची खोली. एकदा एका बाबाकडे नेलं होतं, डॉक्टरकडे कधीच नाही. तीन वर्षं झाली. कंपनीच्या बसचंही सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याले मालूम आहे का, तो पुन्याले आहे म्हून?"

पाहुण्यांना आम्ही पुढच्या खोलीत सांगतो ते मागच्या खोलीत ऐकू जातं. ते इतके दिवस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी स्कार्फ सोडला आणि त्यानंच डोळे पुसले.

"मावशी, काल मी तुमच्याबद्दल जे सांगितलं..."

"खोटं सांगितलं का?"

"नाही."

"मंग? भांडे मी घासतच होती. पन लखलखीत निघाले होते, तेबी सांगाचं होतं."

डॉक्टर तिशी-पस्तिशीची बाई होती. मावशींनी तिला सरळ सांगितलं, "माहा भाचा म्हनते मले समजत नाई. मले समजते का नाई, ते तुमी पाहा आन् कागदावर लिहून द्या." डॉक्टरनं तासभर घेतला. आज वार कोणता, घरात कोण राहतं, घराचं पुढे काय करायचं मनात आहे, सायलीला का ठेवलं, ठेवल्यानं काय त्रास होईल, सगळं विचारलं. मावशींनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. शेवटी डॉक्टरनं लिहिलं की यांना आजार आहे, उपचार नियमित चालू आहेत आणि आपल्या घराचे व आयुष्याचे निर्णय घ्यायला या पूर्ण समर्थ आहेत. पत्र देताना ती मला म्हणाली, "आजार असणं वेगळं आणि अक्कल नसणं वेगळं. लोक दोन्ही एकच धरतात."

रविवारी सगळे जमले. भाचा, गावंडे काका, गल्लीतले आणखी दोघं. सायली लॅबला गेली नव्हती, आत स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मावशींनी पत्र भाच्याच्या हातात दिलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि घडी घालत म्हणाला, "आत्या, असे कागद काय, डॉक्टर कोणालेही देतात."

सोबतच्यांपैकी एक जण म्हणाला, "आन् जो माणूस असल्या डॉक्टरकडे जाते, त्याच्या समजुतीचा काय भरोसा? काय गावंडे भाऊ?"

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. मावशी त्यांच्या समोरच बसल्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशींचा हात माझ्या मनगटावर आला. "च्या घे," त्या म्हणाल्या.

भाचा माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना मले?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्यांना झोप येत नव्हती म्हणून त्यांनी भांडी घासली. मलाही झोप येत नाही. माझा भाऊ तीन वर्षांपासून आजारी आहे. त्याला आवाज ऐकू येतात. तो अकोल्यात आमच्या घरी मागच्या खोलीत असतो. आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं नाही, कारण लोक काय म्हणतील. मावशी नेमानं डॉक्टरकडे जातात. आमच्या दोघींत समजतं कोणाला, ते तुम्हीच ठरवा."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलत होते, आणि तेही अकोल्याच्या माणसासमोर. मग गावंडे काका उठले.

"कागद बरोबर आहे," ते म्हणाले. "बाईचं घर आहे. बाईनं ठरवलं. चला."

ते निघाले तसे बाकीचेही निघाले. भाचा थोडा वेळ बसला, चहा संपवला आणि "काळजी घे, आत्या" म्हणून गेला. सायली चहाची गाळणी हातात घेऊन दारात उभी होती.

संध्याकाळी मी मावशींना विचारलं, "तुम्ही का नाही सांगितलं, ते स्वतः तिथे येतात म्हणून?"

"लाइनवर आयकलेलं मी कवाच बाहेर नाई काढलं. कोनाचा बाप मेला, कोनाचं लगन मोडलं, कोन कोनाच्या पाया पडून राहिला, सगळं आयकलं मी. ते त्यायचं होतं." मग म्हणाल्या, "सात वर्सं झाले गावंडे भावाले तथी येऊन. एकटाच ये आधी. आता बायको सोबत येते, ते चांगलं आहे."

पंधरा दिवसांनी मी अकोल्याला जाऊन भावाला डॉक्टरकडे नेलं. वडील फाटकापर्यंतही आले नाहीत. आई ऑटोत बसली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. औषधं बदलत बदलत दीड वर्ष गेलं. आता तो मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस बसतो, आणि कोणी विचारलं तर 'मी अकोल्यातच असतो' असं स्वतःच सांगतो. माझी दोन स्थळं त्यापायी परत गेली. तिसऱ्याला मी चहाच्या आधीच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझी आईही गोळ्या घेते. आम्ही बीपीच्या म्हणून सांगतो." त्याच्याशी माझं लग्न झालं.

मावशींचं सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. मधल्या एका दिवाळीत त्यांचा आजार खरोखर उलटला. चार दिवस झोप नाही. घरातली भांडी रस्त्यावर टाकली. आपण झोपलो नाही तर काय करायचं हे त्यांनी आधीच लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. "तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यावं. मी शिव्या दिल्या तरी न्यावं." एक दिवस जास्तच झाला होता. मी आणि सायलीनं त्यांना नेलं. वाटेत त्या सायलीला नको नको ते बोलल्या. तिचं आधार कार्डावरचं नाव घेऊन बोलल्या. सायलीनं इस्पितळाचे कागद भरले आणि मग बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती डबा घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी घरी आल्यावर मावशींनी तिला विचारलं, "मी काय काय बोलली?"

"काही नाही, मावशी. आजारात माणूस बोलतो."

"खोटं नको बोलू."

सायलीनं सांगितलं. "आजारानं आवाज चढते," त्या म्हणाल्या. "पन शब्द तर माह्याच तोंडातले न. कुठी तरी असतीन आतमधे. माफ कर मले." त्यानंतर सायलीनं वरची खोली सोडली आणि खालीच राहायला आली.

लग्न होऊन मी अकोल्याला परतले. येणं-जाणं राहिलं. गावंडे काका सायलीशी कधी बोलले नाहीत. काकू नळाच्या वेळी बोलायच्या, कामापुरतं. एवढंच.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सायलीचा फोन आला. मावशी अंघोळीचं पाणी तापवायला उठल्या आणि चुलीपाशीच बसल्या त्या बसल्या. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. भाचा आला होता, अंगणात पुरुष माणसं बांबू बांधत होती. काका एका बाजूला खुर्चीवर बसले होते, हातात टोपी धरून. मागच्या आवारात बायकांनी दोरीवर जुनी लुगडी टाकून आडोसा केला होता. मावशींना अंघोळ घालायची होती.

मी आत शिरले. वळून पाहिलं तर सायली लुगड्याच्या पलीकडे उभी होती, खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याची बादली. मावशींची नखं ती दर रविवारी कापायची, पाठ तीच चोळून द्यायची. पण आता ती पुढे येईना. आतली कोणी बाई हळूच म्हणाली, "बायाच या अंदर, बाकीचे बाहेर थांबा." सायलीनं बादली खाली ठेवली आणि एक पाऊल मागे घेतलं.

मी काही म्हणायच्या आत गावंडे काकूंनी मान वर केली. त्या मावशींच्या उशाशी बसल्या होत्या, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन.

"सायली, तथी काय उभी आहे वं?" त्या म्हणाल्या. "ये इकडे. हिची वेनी सोड, मले गाठ सापडून नाई राहिली."

सायली लुगडं बाजूला सारून आत आली. काकू जरा सरकल्या. सायली त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं मावशींची वेणी सोडायला घेतली. काकूंनी पाणी हातावर घेऊन पाहिलं, फार कढत तर नाही ना म्हणून, आणि मग तांब्या तिच्या हातात दिला.